राउटरसमोरची फ्रेम

शिवणकाम सोडून मी नेटवर्किंगची तीन सर्टिफिकेटं मिळवली, तरी दादाचं एकच पालुपद, "पदवीशिवाय आयटीत तुला कुत्रंही विचारणार नाही." त्याची स्वतःची पदवी मात्र पत्र्याच्या जाड फ्रेममध्ये हॉलच्या भिंतीवर होती. राउटर ओंगळ दिसतो म्हणून बरोब्बर त्याच्यासमोर टांगलेली.

आज आतल्या खोलीत माझी ऑनलाइन मुलाखत सुरू झाली आणि चित्र सारखं अडकायला लागलं. "एक मिनिट" म्हणत मी हॉलमध्ये गेले, दादाच्या डोळ्यांदेखत फ्रेम उतरवली आणि परत येऊन बसले. चित्र लख्ख झालं.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, "काय केलंत? आणि हो, पदवी आहे ना?"



"घरात एक आहे, मॅडम, भावाची. तीच सिग्नल अडवत होती, काढून ठेवली."