कट केलेला कॉल

सारखा फोन हातात घ्यावा लागू नये, कॉल कॉम्प्युटरवरच घेता यावेत म्हणून ऑफिसात तिने तो केबलने कॉम्प्युटरला जोडला. लगेच स्क्रीनवर आईचा कॉल झळकला.

"घे की, मातोश्री आहेत!" शेजारचा सहकारी हसला.

तिने ओशाळून नेहमीसारखा कॉल कट केला. फोन गप्प झाला, पण कॉम्प्युटरवर कॉल सुरूच राहिला.

"बोल गं आई," स्पीकरमधून तिचाच आवाज आला. "गुडघा कसा आहे?"

"अगं बाई, आज तुला वेळ मिळाला!" आई हरखली.

गुडघ्याचं तिला ठाऊकच नव्हतं. तिची मान खाली गेली. तिने केबल उपटली, तरी बोलणं थांबेना.

"आई, मी इथे आहे!" ती माइकजवळ ओरडली.

आई थबकली. "मागे कोण आहे गं?"

"कोणी नाही," स्पीकरमधला तिचा आवाज मायेने म्हणाला. "तू बोल."