पेजेची निवळ

साईशने खिशातला रुमाल काढला, रिकाम्या वाटीवर ताणून धरला आणि पेजेची निवळ त्यातून हळूहळू ओतायला लागला. बार्जवर इंजिनाच्या कामाला होता तेव्हा डिझेल असंच गाळायचा, थेंबही न सांडता. ओट्यापाशी उभी असलेली त्याची आई, सुमंगला, बघत राहिली. हातातला डाव खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

दोन दिवस तो साल असलेलं तेवढंच खात होता. केळी, उकडलेली अंडी, स्वतः फोडलेलं शहाळं. पाव चालायचा, कारण पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की तो फाटकापर्यंत जाऊन त्याच्या हातून उंडे घ्यायचा. आज दहाच्या पेजेला तो आपणहून मेजाशी येऊन बसला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला होता.

निवळ गळून गेली. रुमालावर शितं उरली, त्यांत काळपट राख, आणि दोन पांढरे कण.

"आई, हें कितें?"

मीठ, दुसरं काय, असं ती म्हणाली.

राख अंगाऱ्याची होती. थोरला दीर दत्ताराम पेडण्याकडच्या एका घाड्याला, अंगारेधुपारे करणाऱ्याला, विचारून आला होता. पोराने गावराखण्या देवचाराची वाट ओलांडली आहे, एकवीस दिवस अंगारा अन्नातून द्या, पण त्याला कळलं की गुण गेला, असं घाड्याने बजावलं होतं. असल्या दुखण्यात सगळा गाव वैद्य होतो. कुणी म्हणे लग्न लावून द्या, आपोआप ताळ्यावर येईल. शेजारची आनंदी तर सुमंगलाने केलेले लाडच बोटांवर मोजून दाखवायची. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तिला समोर बसवून नीट सांगितलं होतं की हा मनाचा आजार आहे, कुणाच्या पापाचा नाही आणि लाडाचाही नाही. गोळी रोज द्या, आणि त्याला सांगून द्या. सुमंगलाने घाड्याचंही ऐकलं आणि डॉक्टरीणबाईंचंही, आणि तिथेच घोळ करून ठेवला. अंगारा लपवून गुण देतो तर गोळीही लपवूनच देईल, असं तिने मनाशी धरलं आणि दोन्ही एकाच पेजेत ढवळली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं?

गेल्या आठवड्यात पेज कडू लागते म्हणून त्याने विचारलं होतं. भास होतो तुला, असं ती सहज बोलून गेली होती. तेव्हा त्याने बोट जिभेला लावून पाहिलं होतं. ते आठवून तिला आताही स्वतःची लाज वाटली.

साईश ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला.

"माका भास जाता काय, आई? तूं सांग. तूं सांगशी तें हांव खरें मानतां."

एकदा होय म्हटलं की सुमंगला सुटली असती. त्याने रुमाल झटकला असता, उरलेली पेज मुकाट प्याला असता आणि गोळीही पोटात गेली असती. पुढे स्वतःच्या जिभेवर त्याचा भरवसा कधीच बसला नसता, एवढंच. आणि खरं सांगावं, तर साऱ्या आमोणे गावात ज्याच्या हातचं तो शिजवलेलं खाईल असं एकच माणूस होतं, ती स्वतः, आणि तिच्यावरचा विश्वासही जाणार. मागे गोळ्या फेकून दिल्या तेव्हा तो चौथ्या दिवशी मुरगावला, बंदराच्या फाटकापाशी सापडला होता, अनवाणी, पायांची सालटी निघालेली. इकडे आड, तिकडे विहीर.

ती त्याच्यासमोर खुर्चीवर बसली.

"भास न्हय रे, पुता. काळो तो घाड्याचो अंगारो. पांढरी ती दोतोरीणबायची गोळी. दोनूय हांवेंच घातलीं."

तो रुमालाकडे बघत राहिला. आता वाटी भिंतीवर जाईल, मग हा उठेल आणि दाराबाहेर पडेल, असं तिला वाटलं. तिने दाराकडे पाहूनही घेतलं.

"म्हणजे म्हजी जीब बरी आसा," तो म्हणाला.

"बरी आसा. हांवच चुकलें."

तिने तांदळाच्या डब्यामागची पुडी आणि गोळ्यांची पट्टी आणून त्याच्यापुढे ठेवली. पुडी त्याने न उघडता बाजूला सारली. पट्टी मात्र खिडकीशी नेऊन उलटसुलट बघितली, प्रत्येक गोळीवरून अंगठा फिरवला, कुठे फुटलेलं नाही याची खात्री केली आणि एक गोळी बाहेर काढली. डॉक्टरीणबाईंनी जे जे सांगितलं होतं ते ती भराभर बोलत सुटली. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. गोळी त्याने तळहातावर ठेवली होती. हात तोंडाकडे जात नव्हता.

"ही घेतल्यार," त्याने विचारलं, "मागीर तूं खोटें सांगलें तर माका कळतलें?"

यापुढे खोटं बोलणार नाही, असं ती म्हणणार होती. पण तो शब्द आता कुठल्या तोंडाने द्यायचा?

तिने घागरीतलं पाणी पेल्यात घेतलं. त्याच्या देखत अर्धं स्वतः प्याली आणि उरलेलं त्याच्यापुढे धरलं. साईश वाकून पेल्याच्या तळाकडे बघायला लागला. तळाशी काही नव्हतं. तरी तो बघत राहिला, आणि त्याचं बघून होईपर्यंत तिने हात खाली घेतला नाही.