आमिष कोणतं?

सहा महिने व्हिडिओ पाहून बाबा मासेमारीतले तज्ज्ञ झाले आणि आम्हाला शिकवायला भाड्याच्या बोटीने समुद्रात घेऊन गेले. त्यांच्या ऑनलाइन मागवलेल्या आमिषाकडे तीन तासांत एक मासा फिरकला नाही. त्यात आईला बोट लागली. ती कठड्यावरून वाकून सारखी ओकत होती.

"तुझ्या आवाजाने मासे पळतायत!" बाबा खेकसले.

बोटवाला म्हणाला, "साहेब, गळ ताईंच्या बाजूला टाका. त्यांचा नाश्ता खायला केवढे जमलेत बघा!"

दहा मिनिटांत चार मोठे मासे वर आले.

परतताना आई गाडीत मागच्या सीटवर आडवी होती. बाबांनी माशांसोबतचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी लगेच विचारलं, "दादा, आमिष कोणतं वापरलंस?"


बाबांनी लिहिलं, "घरगुती."