बाईंसाठी चिठ्ठी

सिल्वासाच्या दवाखान्यात अनघाबाई पाय हलवत घड्याळ पाहत होत्या. चौथीच्या वह्या तपासायच्या होत्या. लेकीची छातीतली जळजळ म्हणजे त्यांना शाळा बुडवायचं नाटक वाटत होतं. “घशाशी आंबट कधी येतं, बेटा?” डॉक्टरांनी विचारलं. “जेवणाच्या सुट्टीनंतर. अंगठे धरल्यावर.” अनघाबाईंचा हलणारा पाय थांबला. “पाढा चुकला की आमच्या बाई धरायला लावतात. मला जास्त वेळ.” डॉक्टर भडकले. “भरल्या पोटी वाकवलं तर ॲसिड वर येणारच! औषध देतो, पण आधी हे थांबवा.” त्यांनी वर्गशिक्षिकेच्या नावे चिठ्ठी लिहून अनघाबाईंना दिली. वर्गाच्या बाई त्याच होत्या. पोटच्या पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून जास्तच कडक. बाहेर येताच लेक कुजबुजली, “आई, मी तुझं नाव नाही सांगितलं. चिठ्ठी वाचून बाई रागावतील का?”