चिनी गुलाबावरची सावली

सालादो नदीकाठचं गाव भर दुपारी दारं लावून झोपलं होतं. एर्मेलिंदानं अंगणभर लावलेला चिनी गुलाब उन्हात रसरसून फुलला होता. सावली पडली की मिटणारी फुलं ती. पण आज मधोमध माणसाएवढा पट्टा मिटलेला, आणि आसपास ना झाड, ना भिंत.

"पाहुणा उभा असेल गं," नवरा हसला. "चहा तरी विचार त्याला!"

तिनंही थट्टेत, नळी घातलेला चहाचा तुंबा फुलांच्या कडेला ठेवला. पाठ फिरवते तोच शेवटचा घोट ओढल्याचा सुर्र आवाज आला. मिटलेला पट्टा भराभर उमलला.

रिकामा तुंबा देणाऱ्याच्याच हातात परत द्यायचा, ही गावची रीत.

कडेला तुंबा नव्हता. आणि एर्मेलिंदाच्या पायांच्या दिशेनं एकेक फूल मिटत येत होतं.