रोशनीचा सवाल

दादाजी मंडपवाल्याने स्टेजमागची कनात वर उचलली आणि म्हणाला, "जा कवडूभाऊ, भेटून घ्या. पण लवकर निघा. पब्लिक बसून राहिली."

कवडू वाकून आत शिरला. हातात झेंडूचा हार, मागे त्याची मुलगी मेघा कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा पोटाशी धरून. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची बोली लावताना हा माणूस कोणाच्या बापाला भ्यायचा नाही, पण आज तो हार सारखा या हातातून त्या हातात घेत होता. समोर साक्षात रवींद्र बेताब भेटणार होता.

सवाल-जवाबाच्या दुय्यम कव्वालीत बेताबचा हात धरणारा कोणी नाही, असं कवडू सांगत फिरायचा. जरीपटक्याच्या या मैदानात दरवर्षी त्याचा रोशनी तुफानीशी सामना व्हायचा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि मधल्या वेळात एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. ती त्याला म्हातारा बोकड म्हणायची, तो तिला फुटका भोंगा. मंडपात दोन पार्ट्या पडायच्या. कवडू बेताबच्या पार्टीतला, आणि तोही कट्टर. सवाल कितीही अवघड असो, आमचा उस्ताद कधी गप्प बसला नाही, ही त्याची छाती फुगवून सांगायची गोष्ट.

गेल्या वर्षी रोशनीने बेताबच्या मेलेल्या आईवरून टोमणा मारला, तेव्हा रोशनीच्या पार्टीतल्या मनोहररावांनी उभं राहून शिट्टी वाजवली. मनोहरराव म्हणजे कवडूचे होणारे व्याही. त्यांच्या मुलाशी, प्रशिकशी मेघाचं ठरलेलं होतं. कवडूने भर मंडपात व्याह्यांची कॉलर धरली, ती फाटली, आणि दुसऱ्या दिवशी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आलेली साडी परत गेली. "ज्यायले मेलेल्या माणसाची लाज नाही, ते माह्या पोरीले काय नांदवतीन?" असं तो म्हणाला होता. साडीची घडी मेघानेच घालून दिली.

आत बल्ब पेटलेला होता. बेताब छाती पुढे काढून उभा होता आणि एक बाई त्याच्या शेरवानीला बटण लावत होती.

"हलू नका जी, सुई टोचन," म्हणत तिने त्याच्या छातीशी तोंड नेलं आणि दाताने दोरा तोडला. मग ती सुई ठेवायला वळली. ती रोशनी तुफानी होती.

कवडू जागीच थिजला. त्या दोघांचं अजून इकडे लक्ष नव्हतं.

"यंदा मायवरचं घेऊ का नको?" रोशनीने विचारलं. "मेल्या सासूले पुन्हा मधात ओढणं मले बरं नाही वाटत."

"घे वं. मीच तर लिहून देल्लं होतं," बेताब म्हणाला. "गेल्या वर्षी पब्लिक कशी पागल झाली होती! एकाची तं कॉलर फाडली, आठवते का?"

दोघंही हसले. बेताबला तर हसता हसता ठसका लागला.

कवडूची कानशिलं तापली. आपण ऐकतो आहोत ते खरं आहे, हेच त्याच्या डोक्यात शिरेना. मागे मेघाही उभी आहे आणि तीही हे ऐकते आहे, हे कळलं तेव्हा मात्र वळून तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"अरे, या या!" बेताबने हार पाहिला आणि स्वतःच पुढे येऊन मान वाकवली. कवडूने तो कसाबसा घातला. "जयभीम उस्ताद" म्हणायचं घरून ठरवून आला होता, तेही राहून गेलं.

"ही माही घरवाली," बेताब म्हणाला. "एकाच गाडीत येतो, एकाच घरी जातो. पण बाहेर बोलू नका हं भाऊ. धंद्याची गोष्ट आहे. तुम्ही कोणाच्या पार्टीतले?"

"तुमच्याच," कवडू म्हणाला.

रोशनीने मेघाच्या हातातून डबा घेतला, उघडला आणि उस्तादासाठी केलेली पहिली वडी स्वतःच्याच तोंडात टाकली. दुसरी नवऱ्याला दिली.

"काय चव आहे! तूच केली का वं?"

मेघाने मान हलवली.

"गुणाची पोरगी. लगन झालं का तुहं?"

वर्षभरात पहिल्यांदाच मेघाने बापाच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"जुळलं होतं," शेवटी कवडूच म्हणाला. "मोडलं."

"अरे देवा! काहून मोडलं?"

कनातीपलीकडे ढोलकवाल्याने ठेका धरला होता. रोशनी उत्तराची वाट पाहत होती. मेघाही पाहत होती. कवडूने सवयीने बेताबकडे बघितलं. इतकी वर्षं जवाब त्यानेच दिला होता.

बेताबच्या तोंडात सांबारवडी होती.