भरल्या ताटावरून

"मामा आला की ही भरल्या ताटावरून उठून जाते. चारचौघांत शोभतं का? हिला जरा शांत करा," आई समुपदेशक बाईंना म्हणाली. लहानपणी मामाने काय केलं होतं, ते लेकीने तिला केव्हाच सांगितलं होतं. "झालं गेलं विसर," एवढंच आई तेव्हा म्हणाली होती.

बाईंनी आईला बाहेर बसवलं. "विसर असं मी म्हणणार नाही," त्या मुलीला म्हणाल्या. "तुझं अंग उठून पळतं ते तुला जपण्यासाठीच. त्यात तुझी काही चूक नाही. पण कुठे बसायचं आणि कुणासमोर, हे यापुढे तू ठरवायचं. आपण सावकाश जाऊ."

काही महिन्यांनी मामा जेवायला आला. घर नातेवाइकांनी भरलं होतं. मुलगी जागची हलली नाही.

"मामा, लहानपणी तू माझ्याशी जे केलंस, ते मी विसरलेले नाही. आज मी उठणार नाही. तू ऊठ."

मामाने हसून बहिणीकडे पाहिलं. "ताई, आवर हिला."

 

आई उठली, आणि तिने भावासाठी घराचं दार उघडून धरलं.